उत्कृष्ट पत्र, नावपत्त्यासह

परवा भाचीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा नटाचा कोट्यवधींचा सिनेमा पडला होता आणि लोक त्याला काय काय बोलून राहिले होते, ते ती मला वाचून दाखवत होती. म्हातारा, टकल्या, विग लावून नाचतो, घरी बस आणि नातवंडं सांभाळ. वाचता वाचता तिचंच तोंड कडू झालं. म्हणाली, मावशी, माणसांत एवढं विष येतं कुठून, तुमच्या वेळी किती बरं होतं. आमच्या वेळी फारच बरं होतं. आम्ही हे सगळं पोस्टकार्डावर लिहायचो, शुद्ध मराठीत आणि वळणदार अक्षरात. जागा कमी असायची म्हणून शिवीसुद्धा मोजूनमापून घालावी लागे. आणि खाली नाव आणि पूर्ण पत्ता द्यायचो, कारण त्याशिवाय साप्ताहिकवाले पत्र छापत नसत.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. आम्ही नागपूरला धंतोलीत भाड्यानं राहत होतो. आता तिथे दवाखानेच दवाखाने आहेत, पण तेव्हा आमच्या गल्लीत डॉक्टरांपेक्षा कारकून जास्त होते आणि बाबा त्यांतलेच एक. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. वय सत्तावीस. म्हणजे आजच्या हिशेबानं कोवळी पोर, पण तेव्हाच्या लग्नाच्या बाजारात शिळी भाजी. तोवर नऊ जण मला पाहून, पोहे खाऊन गेले होते. एकाला माझी उंची जास्त वाटली, एकाला चष्मा खटकला, एकाच्या मामीनं रंगाबद्दल कळवलं. एका घरानं तर लिहिलं की मुलगी सर्वगुणसंपन्न आहे, फक्त बोलते. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि आईला विचारलं की हा गुण आहे का दोष.

दहावं स्थळ कामठीचं होतं. मुलगा सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचा. या खेपेला आई म्हणाली, घरी नकोच, सिनेमाला बोलवू. तेव्हा ही नवी पद्धत निघाली होती. दोन्ही घरं सहज भेटल्यासारखं करायचं, शेजारी शेजारी बसायचं, आणि नाही जमलं तर कुणाची मान खाली जात नाही. शिवाय पोह्यांचा कुटाणा वाचतो आणि अंधारात रंगही कळत नाही, असं आई म्हणाली. माझ्याच तोंडावर म्हणाली. माझी जीभ कुठून आली हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

मुहूर्तही काय नामी निवडला होता. त्याच शुक्रवारी सीताबर्डीवर त्या नटाचा तो सिनेमा लागणार होता. त्याचं नाव मी सांगत नाही. माणूस मेला, आता त्याला कशाला त्रास. पण तेव्हा आख्खं नागपूर त्याच्या नावानं श्वास घेत होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यात गणपतीच्या शेजारी त्याचा फोटो होता आणि दोघांना एकाच उदबत्तीचा धूर मिळायचा. न्हाव्याकडे गेलं की पोरं फक्त त्याचं नाव सांगायची, केस कसे कापायचे ते न्हावी समजून जायचा. मीही काही सोवळी नव्हते. कॉलेजात माझ्या भाषाशास्त्राच्या वहीत त्याचा फोटो होता, त्यामुळे तो एक विषय माझा फार पक्का झाला. आणि हा सिनेमा म्हणजे काय, तीन वर्षं चित्रीकरण चाललेला. खरंखुरं जहाज बांधलेलं, हत्तींची रांग, परदेशी नाचणाऱ्या. बाबा रांगेत दोन तास उन्हात उभे राहिले आणि बाल्कनीची सहा तिकिटं घेऊन आले.

तीनचा खेळ. त्यांच्याकडून मुलगा, त्याची आई आणि मामा. आईनं अशी काही चक्रं फिरवली की मुलगा बरोबर माझ्या शेजारी आला. देखणा वगैरे नव्हता. स्वच्छ पांढरा शर्ट, किडकिडीत बांधा, बोटांना दवाखान्याचा वास. बसल्यावर त्यानं खुर्चीचा मधला हात मला सोडून दिला. नऊ जणांत असं कुणाला सुचलं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात त्याचं काय होणार ते कळलं. पन्नाशीला टेकलेला तो माणूस विशीतला राजपुत्र होऊन समुद्रकिनाऱ्यावर घोड्यामागे धावत होता आणि अंगरख्याची बटणं कशीबशी तग धरून होती. आधी शिट्ट्या आल्या त्या प्रेमाच्या. मग त्यांचा सूर बदलला. खालून कुणीतरी ओरडलं, काका, बसा आता, दम लागन. थिएटर फुटलं. मग जो तो सुरू झाला. मीसुद्धा. मी म्हटलं, घोड्याला विचारा, तो बसू देतो का. मागच्या रांगेतले हसले, मला चेव आला, मी अजून दोन सोडली. आई माझ्या मांडीला चिमटे काढत होती.

तेव्हा तो मुलगा माझ्याकडे थोडा झुकला आणि हळू म्हणाला, "पाहू ना शेवटपर्यंत. तीन वर्षं खपला असेल हो तो माणूस याच्यात."

रागावून नाही बोलला. शिकवून तर अजिबात नाही. आख्ख्या थिएटरात तो एकटा सिनेमा पाहून राहिला होता. मध्यंतरात तो सगळ्यांसाठी शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आला. मी त्याला सांगून टाकलं की हा नट मला कॉलेजपासून आवडतो, वहीत फोटो होता. त्यानं विचारलं, शाळेतल्या मुली तुम्हाला घाबरतात का? मी म्हटलं, घाबरल्याच पाहिजेत. तो मनापासून हसला. सिनेमा संपला तेव्हा अर्धं थिएटर रिकामं झालं होतं, आणि तो दिवे लागेपर्यंत खुर्चीत बसून होता.

मला तो आवडला. आडवळणानं कशाला सांगू. नऊ वेळा मी नकाराची वाट पाहिली होती आणि तो आला की बरं वाटायचं. दहाव्या वेळी मला होकार हवा होता. पंधरवड्यात कळवतो, असं मामा म्हणाले. मी मनातल्या मनात कामठीच्या बसचं वेळापत्रक मांडून मोकळी झाले, शाळा सुटल्यावर कुठली सापडेल आणि घरी किती वाजतील.

इकडे गावानं त्या नटाला सोलायला घेतलं. पानठेलेवाल्यानं फोटो उतरवला आणि त्याच्या काचेवर चुन्याची डबी ठेवली, काच सपाट असते म्हणून. न्हावी म्हणू लागला, तो कट मी कधी केलाच नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी काळ्या बाजारात तिकीट घेतलं ते जास्त पेटले होते, कारण पैसे त्यांचे बुडाले होते. एका स्थानिक साप्ताहिकानं ही हवा ओळखली आणि वाचकांना आवाहन केलं. या नटाबद्दल आपलं परखड मत कळवा, उत्कृष्ट पत्रास दोन पास. कशाचे पास? त्याच सिनेमाचे. तिकडे आता कुणी फिरकत नव्हतं, मालकांना खुर्च्या भरायच्या होत्या.

मी लिहायला नको होतं, हे आज कुणीही सांगेल. पण नऊ घरांनी माझ्या उंचीवर, रंगावर, चष्म्यावर मत दिलं होतं, पोहे खाऊन, आणि मी साडी सावरून ते ऐकून घेतलं होतं. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर मत द्यायची माझी पाळी आली होती. मी सोडते की काय. एका बैठकीत पोस्टकार्ड भरलं:

"महोदय, आपल्या लाडक्या नटवर्यांचे ताजे दर्शन घडले. समुद्रकिनारी धावताना आधी त्यांची एक हनुवटी पोचते, मागाहून दुसरी येते. कपाळ इतके मागे सरकले आहे की टोप नेमका कुठे बसवावा हे रंगभूषाकारास कळेनासे झालेले दिसते. नायिकेच्या वडिलांकडे तिचा हात मागण्यापूर्वी त्यांनी त्या वडिलांशी आपला जन्मदाखला ताडून पाहावा. आता आरशानेच त्यांना निवृत्त करावे, ही विनंती."

छापून आलं. चौकटीत, वर 'उत्कृष्ट पत्र', खाली माझं नाव, कुमारी, एम. ए., बी. एड., धंतोली, नागपूर. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. पानठेलेवाला ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा आणि मी दिसले की म्हणायचा, काय लिवलं जी बाई तुमी, त्याची पार हवाच काढली. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या खोलीत अंक फिरवला. फक्त आईनं वाचून विचारलं, "एवढं काहून लिहिलंस गं?" मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही. बाबांनी अंकाच्या आठ प्रती आणल्या.

पंधरवडा गेला, तिसरा आठवडा सरत आला, कामठीहून काही नाही. बाबांनी आठवणीचं पत्र लिहायचं ठरवलं. आता इथे एक सांगायला हवं. त्या काळी मुलीच्या माहितीच्या कागदावर कलागुण म्हणून एक ओळ असायची. कुणाची मुलगी गाण्याच्या दोन परीक्षा झालेली असे, कुणी भरतकामाचा रुमाल सोबत धाडत असे. मला ना सुई धरता येई ना सूर. नऊ वेळा ती ओळ बाबांनी कोरी सोडली होती, आणि दर वेळी कोरी सोडताना ते थोडं थांबायचे. मी पाहिलं आहे. या वेळी त्यांनी पत्रासोबत तो कागदही घेतला, त्या ओळीत ठसठशीत अक्षरात 'लेखन' लिहिलं आणि पुरावा म्हणून चौकटीचं कात्रण पत्राला टाचून पाठवून दिलं. टपालात पडल्यावर मला सांगितलं, अगदी बक्षीस आणल्यासारखं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला ते कुठे कळलं? खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, बरं झालं, त्याला कळू दे आपण कोण आहोत ते.

त्याचं उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं, माझ्या नावानं. चौथ्या तासाला शिपायानं पाकीट आणून दिलं. मुलींना शुद्धलेखन घातलं आणि उघडलं.

"आपल्या वडिलांनी पाठवलेले कात्रण मिळाले. आईला वाचून दाखवले, ती खूप हसली. मीही हसलो. घरच्यांचा होकार आहे. नकार माझा एकट्याचा आहे, म्हणून मीच लिहितो. मी बत्तीस वर्षांचा आहे आणि माझे केस आतापासूनच मागे जात आहेत. त्या नटाने आपले काही वाईट केले नव्हते. उलट तो आपल्याला इतकी वर्षे आवडत होता, असे आपणच म्हणालात. एक सिनेमा पडला आणि आपण त्याचे असे केले. मला आयुष्यात बऱ्याच गोष्टी जमणार नाहीत. ज्या दिवशी एखादी जमणार नाही, त्या दिवशी मला घरी यायची भीती वाटेल. राग नसावा."

मी पहिल्यांदा काय केलं सांगू? मनात उत्तर तयार केलं. एक नाही, तीन. एक त्याच्या केसांवर, एक त्याच्या गोळ्या-औषधांवर, आणि तिसरं तर फारच सुरेख होतं. घंटा होईपर्यंत तिन्ही पाठ झाली होती. मग नकाशांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. नकार मला नवा नव्हता. पण आजवरचे नकार खोटे होते, मूर्ख होते, त्यांना हसता येत होतं. हा खरा होता. त्या माणसानं मला दिवे लागेपर्यंत नीट पाहिलं होतं आणि मग नाही म्हटलं होतं. मला अतोनात लाज वाटली, आणि तो हवा होता तो हवाच राहिला.

घरी आले तर बाबा दारातच. कामठीचं काही? मी म्हटलं, शाळेत निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणतात.

बाबा संतापले. कधी कुणाला अरे न म्हणणारा माणूस, कामठीपासून कन्हानपर्यंतच्या सगळ्यांचा उद्धार करून मोकळा झाला. "पत्रिका कसली पाहता? असं लिहिणारी पोरगी त्यांना सात जन्मांत मिळणार नाही. कात्रण पाठवलं, तरी अक्कल आली नाही त्यांना."

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. ते काढून त्यांच्या हातात दिलं असतं की झालं असतं. पण मग तो नकार माझा राहिला नसता. ज्या हातांनी कौतुकानं ते कात्रण टाचलं, त्या हातांकडे ते जन्मभर पाहत बसले असते. आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं असं मला वाटतं.

बाबांचा राग फार टिकत नसे. चहा झाला आणि त्यांनी वर्ध्याच्या स्थळाचा कागद काढला. कलागुणाच्या ओळीत लिहून झालं, मग कपाटातून अंकाची नवी प्रत आणली आणि कात्रीसकट माझ्यापुढे सरकवली. "चौकट तूच काप," म्हणाले, "माझा हात हलतो अलीकडे."

मी चारी बाजूंनी सरळ कापून दिली. त्यांनी ती पाकिटात घातली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते पाकीट मीच पेटीत टाकलं.