सीडीवरची देवी

माझ्या अंगात देवी येते, असं आमच्या तीर्थपुरीतल्या निम्म्या बायकांना अजून वाटतं. आता मी कुणाची समजूत काढायला जात नाही. पण खरं काय झालं होतं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

साल दोन हजार चार असेल, फार तर पाच. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. माझी पाळी कधी तीन महिन्यांनी यायची, कधी पाच, तीही बहुतेक गोळ्या घेतल्यावर. उशीर झाला की घरात सगळ्यांचे कान टवकारायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या न मागता चिंच पुढं करायच्या. आणि मग एक दिवस मी निमूटपणे कोपऱ्यात जाऊन बसायची. आत्याबाई नुसतं "बरं" म्हणायच्या आणि भाकरी थापायला घ्यायच्या. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पण ते "बरं" माझ्या काळजाला लागायचं.

त्यात एक चुलत सासूबाई होत्या. दर अमावस्या-पौर्णिमेला येऊन चहा प्यायच्या आणि जाता जाता काडी टाकायच्या. त्या वर्षी गुढीपाडव्याला आल्या आणि माझ्यासमोरच आत्याबाईंना म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत बघा, न्हाईतर पोराचं दुसरं करून टाका. आष्टीची पोरगी हाय माह्या बघण्यात. हिला काय घराबाहेर काढायचं न्हाई. राहील ही बी." राहील ही बी! म्हणजे मी गोठ्यातली भाकड म्हैस, दावणीला असली काय नसली काय. माझ्या हातातली कपबशी मी अशी आदळली की बशीचे दोन तुकडे झाले. आत्याबाई त्यांना हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीसुद्धा म्हणाल्या नाहीत. आणि आमचे हे तर जन्मात कुणाला नाही म्हणालेले नाहीत. रात्री तीच भीती घेऊन मी झोपायची.

त्याच महिन्यात यांना घेऊन मी जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी सोनोग्राफी केली, मला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो! उंची म्हणाल तर जेमतेम पाच फूट. त्या म्हणाल्या, "तुमच्यात काही कमी नाही बाई. वजन जास्ती आहे, त्यानं सगळं अडलंय. पाळीच्या गोळ्या बंद करा. दहा-बारा किलो उतरवा, रोज अर्धा तास घाम निघेपर्यंत व्यायाम. गोळीशिवाय पाळी आपली आपण आली की समजायचं, गाडी रुळावर आली. मग माझ्याकडं या." मी त्यांना दोनदा विचारलं, खरंच काही कमी नाही ना? त्या हसल्या. सहा वर्षं मी उपास, नवस, अंगारे, सगळं करून बसले होते. दोष निघाला तो चरबीचा! दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटलं की तिथंच दोन किलो कमी झाले असतील.

बसस्टँडजवळच्या एका गाड्यावर पिक्चरच्या सीड्यांमध्ये एक व्यायामाची सीडी मिळाली. यांनी काही न बोलता ती विकत घेतली. यांचं हे असंच. तोंडातून शब्द फुटत नाही, पण हात खिशात जातो.

सीडीवर तीन गोऱ्या बाया होत्या. अंगात चड्डी आणि बनियनसारखं काहीतरी. मधली बाई इंग्रजीत ओरडायची आणि उड्या मारायची, बाकीच्या दोघी हसत हसत उड्या मारायच्या. इतक्या उड्या मारून माणूस हसतं कसं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आमच्याकडं तेव्हा भारनियमन, दुपारी दोनला लाईट यायची ती साडेतीनला जायची. तेवढ्यात मधल्या खोलीचं दार लावून मी सुरू केलं. पहिल्या दिवशी सात मिनिटं झाली आणि साडीत पाय अडकून मी धपकन आपटले. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की संडासात बसता येईना, आणि बसले तर उठता येईना. आईगं! माझ्या आईची मला इतकी आठवण बाळंतपणातसुद्धा पुढं आली नाही.

आत्याबाईंनी दार उघडून टीव्हीवरच्या बाया बघितल्या आणि कानावर हात ठेवले. "हे काय करून राह्यली तू? ह्या नागड्या बायांसंगं नाचतीस? घरात काम का कमी हाय? जात्यावर बस की!" मी म्हणाले, "जातं अडगळीत पडलंय आत्याबाई, दळण गिरणीत जातंय. आन् डॉक्टरनी घाम काढा म्हणून सांगितलंय." त्या तणतणत निघून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि त्यांचं एक जुनं नऊवारी लुगडं माझ्या अंगावर फेकलं. "कासोटा घालून नेस. ह्यात सारं आयुष्य निंदणी-खुरपणी केली म्या, तुला उड्या मारायला काय झालं? आन् त्या टीव्हीचा आवाज बंद कर, मला पडायचंय."

असं सगळं जमून आलं. आवाज बंद. मी नऊवारी लुगड्यात. आणि एका मंगळवारी, दोन महिने होत आले असतील, शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. पुढं कुणी दिसेना म्हणून त्यांनी मधल्या खोलीच्या खिडकीच्या फटीतून आत डोकावलं. खिडकीतून टीव्ही दिसत नव्हता. दिसत होते मी. अंबाडा सुटलेला, घामानं कुंकू सगळ्या कपाळभर पसरलेलं, हात वर करकरून उड्या आणि तोंडानं "हूं! हूं! हूं!" काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. त्या धावत आत्याबाईंकडं गेल्या. "अवो बाई, सुनंच्या अंगात आल्तं का कधी?"

आता आत्याबाईंपुढं दोनच रस्ते होते. आपली सून चड्डीतल्या बायांबरोबर नाचते असं सांगायचं, नाहीतर देवी येते असं सांगायचं. त्या म्हणाल्या, "व्हय. हल्ली येतं. रोज दोनला. त्या टायमाला कुणी दार वाजवायचं न्हाई, बिलकुल!"

मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. आत्याबाई स्वतःच गोंधळल्या होत्या. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून पुटपुटायच्या, "माफ कर माय. पोरीच्या भल्यासाठी खोटं बोलले." पण खरं सांगते, त्या खोट्यानं माझं सोनं झालं. सुनेला अर्धा तास दार लावून एकटीला मिळणं ही गोष्ट आमच्याकडं कुणी ऐकली तरी होती का? आता पाहुणे आले तरी थांबत होते. दोन ते अडीच, कुणाची हाक नाही. मी मनसोक्त उड्या मारत होते.

दर रविवारी दुकान बंद झाल्यावर हे शटर अर्धं ओढून मला काट्यावर उभं करायचे. आमचं खत-बियाण्याचं दुकान, तिथला तो पोती मोजायचा लोखंडी काटा. एका बाजूला मी, एका बाजूला मापं. मी आधी पासंग तपासायला लावायची. "बायकोला तरी बराबर तोला," म्हणायची. त्र्याहत्तर झाले, सत्तर झाले, अडुसष्ट झाले. सदुसष्टला हे पहिल्यांदा जोरात हसले आणि म्हणाले, "वारं आलं तर धरून ठेवावं लागंल आता." मला रडूच आलं. यांनी मला शेवटचं कधी चिडवलं होतं, तेच मी विसरून गेले होते.

पण देवी म्हटल्यावर बायका गप्प कशा बसतील? मंगळवारी मंगळवारी ओसरीवर येऊन बसायला लागल्या, नारळ, हळद-कुंकू घेऊन. कुणाची गाय आटली, कुणाच्या पोराला नोकरी लागेना. आत्याबाई त्यांना वाटेला लावायच्या. पण एकदा एक बाई काही केल्या हलेना. या बाईच्या घरी डोहाळजेवणाला मी गेले होते, तेव्हा ओटी भरायला माझा नंबर आला आणि हिनं ताट माझ्यासमोरून अलगद पुढच्या बाईकडं सरकवलं होतं. आता तीच दारापाशी हात जोडून बसली होती. धाकट्या सुनेला मूल होत नव्हतं. "माय, माह्या सुनंची कूस कवा उजवंल?"

दाराआड माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकदा वाटलं, दार उघडावं आणि चांगलं खडसावावं. पण त्या धाकट्या सुनेचा विचार आला. कुठल्या तरी कोपऱ्यात तीही बसली असेल. मी आतूनच ओरडले, "सुनंला जालन्याला ने! सोनोग्राफी कर! आन् पोराची बी तपासणी कर, नुसती सुनंची न्हाई!"

ओसरीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "देवी शिकलेली हाय." आत्याबाईंनी त्या रात्री माझी चांगलीच हजेरी घेतली. "देवी सोनोग्राफी म्हणती का कुठं? पुढच्या टायमाला तोंड बंद ठेव." आणि मग आम्ही दोघी चुलीपुढं बसून पोट धरून हसलो. ती बाई मात्र खरंच सुनेला घेऊन गेली, मुलालाही घेऊन गेली. ते मला नंतर कळलं.

वजन उतरत होतं, पण मुख्य गोष्ट होत नव्हती. गोळ्या बंद करून सहा महिने होत आले आणि पाळीचा पत्ता नाही. श्रावण गेला, भादवा गेला, नवरात्र बसलं. आत्याबाईंनी घट बसवले, नऊ दिवसांचे उपास धरले. चुलत सासूबाई पहिल्या माळेलाच मुक्कामाला आल्या. कशाला, ते सांगायला नको. दसरा तोंडावर आला होता. मी रोज उड्या मारत होते, पण आता मारताना रडत होते.

नवरात्रातल्या मंगळवारी ओसरी सकाळपासूनच बायकांनी भरली. आणि त्याच सकाळी न्हाणीघरात मला कळलं. मी तशीच दगडावर बसून राहिले. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काही नाही. आपली आपण आली होती. किती वेळ बसले कुणास ठाऊक. हसत होते का रडत होते तेही मला सांगता येणार नाही.

पुढं दीड वर्षानं मला मुलगी झाली. बारसं झालं, पेढे वाटले, चुलत सासूबाईंनीही दोन खाल्ले. पण माझा जीव भांड्यात पडला तो त्या मंगळवारी, न्हाणीघरात.

घरात घट बसलेले, आत जायची सोय नव्हती. मी मागच्या अंगणात जाऊन लांब भिंतीपाशी उभी राहिले आणि तिथूनच हाक मारली, "आत्याबाई, मी बाहेरची झाले!"

आधी शेजारच्या काकू आल्या, मागून बाकीच्या. "अगं माय! ऐन नवरात्रात? घरात घट असताना?" सगळ्या चुकचुकायला लागल्या. चुलत सासूबाई म्हणाल्या, "म्या काय म्हणलं व्हतं? आली न्हाई का शेवटी? आता दसरा चार दिवसांवर. मंग त्या पोरीकडल्यांना काय सांगू?"

आत्याबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. सोवळ्याचं लुगडं, हातात घटाला वाहायची माळ. बायकांना बाजूला सारत त्या पुढं आल्या.

"गोळी घेतल्ती?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई."

"एक बी?"

"एक बी न्हाई आत्याबाई. आपली आपण आली."

त्यांनी हातातली माळ शेजारच्या काकूंच्या हातात दिली. मग सरळ चालत माझ्यापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. मी मागं सरकायला गेले, पण मागं भिंत होती.

"अवो, शिवलात की!" चुलत सासूबाई किंचाळल्या. "घटाचा उपास हाय तुमचा!"

"व्हय, शिवले," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या तोंडावरचे हात त्यांनी काढले नाहीत. "त्या आष्टीवाल्यांना सांगून ये जा, आमची लेक बरी झाली."