कितला उठनात, भाऊ?

"कितला उठनात, भाऊ?"

तिसरी घंटा झाली, माझी घोषणा संपली की विंगेत उभी असलेली ती हे विचारायची. किती जण उठले? विचारताना वर बघायची नाही, पदर खोचत विचारायची. मी पडद्याच्या फटीतून हॉलवर नजर फिरवून आकडा सांगायचो. एकवीस. चौतीस. एकदा जळगावात मागच्या तीन रांगा अख्ख्या उठल्या, तेव्हा मी मोजायचंच सोडून दिलं आणि "बरेच" म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि उरलेल्यांसाठी गायला गेली.

मी तेव्हा जळगावला नाटकांच्या एका काँट्रॅक्टरकडे नोकरीला होतो. मुंबईची नाटकं खानदेशात आणायची, हॉल घ्यायचा, पोस्टर लावायची, पाहुण्यांना पुढच्या रांगेत बसवायचं. आवाज बरा आहे म्हणून घोषणाही माझ्याच गळ्यात. त्या वर्षी आमच्याकडे एक संगीत नाटक होतं. नायिकेचं काम टीव्हीमुळे घराघरात पोचलेल्या एक बाई करायच्या. पोस्टरवर नाटकाच्या नावापेक्षा बाईंचा चेहरा मोठा. बाईंचा गळा मुंबई-पुण्यात ठणठणीत असे. कसारा घाट ओलांडायची वेळ आली की तो बसे.

म्हणून मालकांनी धुळ्याहून हिला शोधून काढलं. नाटकवाल्यांच्या भाषेत रिप्लेसमेंट. चाळिशीची, सावळी, अंगानं भरलेली. धुळ्यात एका गल्लीत तिचं पिको-फॉलचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं ती मशीन चालवत रियाज करायची. "मनं मशीन बराबर काळी चारले लागस," असं ती अभिमानानं सांगायची. आमच्या ऑर्गनवाल्यानं एकदा खरंच जाऊन ताडून पाहिलं. मशीन सुरात होतं.

नाटकाचा पोशाख बाईंच्या मापाचा. बाई सडपातळ. ही प्रयोगाच्या आधी ब्लाउजची शिवण उसवायची, आतलं कापड सोडायची, अंगावर चढवायची. प्रयोग संपला की पुन्हा उसवून, टाके घालून, ब्लाउज बाईंच्या मापाचा करून परत द्यायची. मी म्हटलं, "ताई, तुमच्या मापाचा एक नवा शिवून घेऊ की." ती हसली. "राहू द्या ना भाऊ. आपलं माप कोणाले लागस?"

आता प्रेक्षकांविषयी. तुम्हीही अशा खुर्चीत कधीतरी बसला असालच, तेव्हा रागावू नका. "अपरिहार्य कारणास्तव आजच्या प्रयोगात नायिकेची भूमिका..." एवढं मी म्हटलं की हॉलमध्ये एक सुस्कारा निघे. तिचं नाव पुरं व्हायच्या आत खुर्च्या वाजू लागत. काही जण बायकोचा हात धरून तडक निघत. काही दारात थांबून मला सुनवत, "आम्ही काय धुळ्याची बाई बघायला आलो का?" एक गृहस्थ वरणगावहून आले होते. ते बसून राहिले, पण परतीची गाडी उशिरा होती म्हणून. आणि काही जण हाताची घडी घालून बसत. चेहऱ्यावर एकच, बघू तरी काय दिवे लावते.

या घडीवाल्यांवर तिचा भारी जीव. पहिलं पद संपवून विंगेत आली की घाम टिपत विचारायची, "घडी सुटनी का?" चौथ्या रांगेतल्या टोपीवाल्याची सुटली, मी सांगायचो. त्याच्या शेजाऱ्याची अजून नाही. मग दुसऱ्या पदात ती त्या शेजाऱ्याच्या मागे लागायची. त्याच्याकडे बघून गायची, त्याच्यासाठी तान वाढवायची. तो कधीतरी नकळत मांडीवर ताल धरायचा. एवढ्यावर ती खूश असायची. मला राग यायचा. एवढ्या गळ्याच्या बाईनं एका आडमुठ्या माणसाची मनधरणी का करावी, हे मला कधी पटलं नाही.

तिची स्वतःची एकच मागणी होती. धुळ्याला प्रयोग लागला तर तिचं नाव माइकवर स्पष्ट घ्यायचं. गल्लीत सगळ्यांचा समज होता की ही नाटकवाल्यांच्या साड्यांना इस्त्री करायला जाते. तिची आई बिचारी सांगून दमली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घराबाहेर पडायची नाही, तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? "अर्धा हॉल उठना तरी चालीन, भाऊ," ती म्हणायची. "उठनारा बी नाव आयकीसन जातीन."

धुळ्याला प्रयोग लागला. रविवार, दुपारी चारचा. बाईंचा घसा सकाळीच बसला. हिनं आईला रिक्षात घालून आणलं आणि मी म्हातारीला सातव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. नवं लुगडं, हातात रुमाल. आजूबाजूला त्यांच्याच गल्लीतली चार माणसं. मी दुपारीच घोषणा कागदावर लिहून काढली होती. नाव पाठ होतं तरी लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात.

तिसरी घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मालक विंगेत आले. हॉल गच्च भरला होता.

"नाव घेऊ नकोस," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"शेठ, गाव तिचं आहे."

"म्हणूनच. गाववाले आधी उठतात. नऊवारी, नथ, एवढा मेकअप, कोण ओळखतंय? मोबाइल बंद ठेवा म्हण आणि पडदा वर घे."

ती चार हात लांब उभी होती. डोळे मिटून, ओठ हलवत, माझ्या आवाजाची वाट बघत. मी माइक हातात घेतला. घोषणेचा कागद दुसऱ्या हातात होता. मी म्हणालो, "कृपया आपले मोबाइल बंद ठेवावेत. नाटकाला सुरुवात होत आहे." आणि माइक बंद केला. त्यावेळी मला बायको होती, दोन मुली होत्या, नोकरी एकच होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात पडदा वर गेला.

ती त्या दिवशी जशी गायली तसं मी तिला कधी ऐकलं नव्हतं आणि कोणालाच पुन्हा तसं ऐकलं नाही. पहिल्याच पदाला वन्स मोअर. दुसऱ्याला दोनदा. घडी घालून कोणी बसलंच नव्हतं, कारण मुंबईच्या बाईसमोर कोण घडी घालतो? लोक माना डोलवत होते, मोबाइल वर धरून चित्रण करत होते. मी मागच्या दारानं हॉलमध्ये शिरलो आणि सातव्या रांगेपाशी गलका ऐकू आला.

"मनी पोर शे ती," म्हातारी म्हणत होती. "आवाज आयका ना. मनी पोर शे."

पुढच्या रांगेतला त्यांच्या गल्लीतला एक जण मागे वळून हसला. "आजी, ती मुंबईची बाई शे. टीव्हीवाली. तुनी पोर मांगे साड्या धरीसन उभी व्हई." त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मग त्याला मी दिसलो. माझ्या छातीवर बिल्ला होता. "काय हो साहेब, तुम्ही नाटकवाले ना? सांगा आजींना, कोण गातंय ते."

म्हातारीनं माझ्या दिशेनं मान वळवली. तिला मी दिसत नव्हतो. आजूबाजूच्या दहा-बारा जणांना दिसत होतो. एक नाव घ्यायचं होतं, माइकवरही नाही, नुसत्या तोंडानं.

"आजी," मी म्हणालो, "प्रयोग चालू आहे. गप बसा."

म्हातारी गप बसली. शेवटपर्यंत गप बसली.

मध्यंतरात गावातल्या एका पुढाऱ्यानं स्टेजवर येऊन शाल-नारळ दिला. "मुंबईच्या कलावंतांनी आमच्या धुळ्यात येऊन..." असं तो दहा मिनिटं बोलला. ती हात जोडून उभी होती. धुळ्यात येऊन!

प्रयोग संपल्यावर मी मेकअपच्या खोलीत गेलो. ती ब्लाउज मांडीवर घेऊन शिवण उसवत बसली होती, बाईंच्या मापाचा करायला. शाल खुर्चीवर तशीच पडली होती. तिनं काही विचारलं नाही. मीच म्हणालो, "ताई, आज एकही माणूस उठला नाही."

"कशाला उठतील?" ती म्हणाली. "मी नव्हतेच ना तिथे."

शुद्ध, नाटकातल्यासारखं मराठी. माझ्याशी ती कधी अशी बोलली नव्हती. पुढेही तसंच बोलली. "तुम्ही एक करा. माझं नाव आता कुठेही घेऊ नका. कधीच." भाऊ हा शब्द तिनं लावला नाही. ब्लाउजची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आईला शोधायला गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मीही ती नोकरी सोडली. परवा कोणीतरी मोबाइलवर एक चित्रण पाठवलं. तोच प्रयोग, तेच दुसरं पद, तीच ती. खाली मुंबईच्या बाईंचं नाव आणि कोणा रसिकानं लिहिलेलं, 'असा गळा आपल्याकडे होणे नाही.' असा सणकून राग आला की मी खाली तिचं नाव टाइप केलं. मग खोडलं. नाव घेऊ नका, ती म्हणाली होती. म्हणून इथेही लिहिलेलं नाही.

पण विचारावं तरी, म्हणून धुळ्याला गेलो. पिकोचं मशीन चालू होतं. मला बघून तिनं ते थांबवलं. केस पांढरे झाले होते. मी चित्रणाचं सांगितलं. "ताई, आता तरी नाव लिहू द्या. लोकांना कळू दे." तिनं मशीनखालचं कापड सरळ केलं. आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला.

"कोन शे वं?"

"कोनी नही, माय."

"कोनी नही कसं? आवाज वळखस मी." म्हातारी म्हणाली, "माले गप बस म्हननारा तोच शे ना?"

तिनं हातानंच मला बाहेर व्हायची खूण केली आणि दार लोटून घेतलं. मी पायरीवर बसलो. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं, काळी चार, आणि त्यावर तिनं तेच पद धरलं. गल्लीत दुसरं कोणी ऐकत नव्हतं. पदाची अस्ताई संपायच्या आधीच मी उठलो आणि स्टँडकडे चालू लागलो. किती उठले ते आतून कोणी विचारलं नाही.