एका स्पेसचा हिशेब

क्लायंटची तक्रार अशी होती, की आमचं टूल काहीच तक्रार करत नाही.

सोमवारी सकाळी समीरचा पुण्याहून फोन आला. तो माझा मॅनेजर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. "म्हात्रे, त्यांनी मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम चालवून बघितला. आपलं टूल म्हणतं सगळं ठीक आहे. नव्या रिलीजपासून हे होतंय."

त्या रिलीजमध्ये नवं काम एकच होतं. माझं.

आमचं टूल मेमरीतल्या चुका पकडतं. प्रोग्रॅमला लागेल तेवढी मेमरी, म्हणजे जणू जमिनीचा तुकडा, मिळते. टूल त्या तुकड्याच्या दोन्ही बांधांवर खुणेचे आकडे ठेवतं. प्रोग्रॅमने बांध कोरला की खूण बिघडते आणि टूल ओरडतं. बांध कोरण्यावरून आमच्या खालापूर तालुक्यात भावाभावांची बोलणी बंद आहेत, त्यामुळे ही कल्पना मला कुणी शिकवावी लागली नाही. खुणांचा तो सगळा भाग मी लिहिला आहे. खोपोलीच्या कारखान्यात फिटर असताना मी सी भाषा स्वतःच शिकलो, आणि या कंपनीत कंत्राटावर लागलो. पण टूलच्या मुख्य हेडर फाइलच्या माथ्यावर लेखक म्हणून तीन नावं होती, त्यांत समीरचं पहिलं. माझं नव्हतं. मी विचारलं तेव्हा समीर म्हणाला होता, "पुढच्या रिलीजला बघू." त्याला तीन वर्षं झाली.

हेडर म्हणजे बाकीच्या सगळ्या फायली जिच्यावर चालतात ती नियमांची फाइल. आमच्या हेडरला दहा जणांचे हात लागलेले. कुठे टॅब, कुठे स्पेस, ओळींच्या शेवटी उगाच रिकामी जागा. ती साफ करायचं काम या रिलीजसाठी माझ्याकडे आलं. झाडू मारायचं काम. मी भडकलो.

"ट्रेनीला सांग," मी म्हणालो.

"ट्रेनी काहीतरी मोडतील. तुम्हीच करा ना."

"करतो. पण माझं नाव माथ्यावर जाणार."

"बरं, घाला."

मी बाजार ओळखणारा माणूस. नाव आणि सफाई मी एकाच कमिटमध्ये घातली. कमिट म्हणजे बदलांचं एक गाठोडं. घेतलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. सफाई घेऊन नाव तेवढं गाळायची सोय मी कुणाला ठेवली नाही.

काम आठवडाभर चाललं. लोधिवलीला माझी वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, काम तिथूनच. कॉलवर सगळ्यांचे कॅमेरे बंद. "स्टेटस?" विचारलं की मी म्हणायचो, "चालू आहे," आणि पुढच्याचा नंबर लागायचा. दिवसाचं बोलणं तेवढंच. गुरुवारी घरमालकीण मालूमावशी जिना चढून आल्या.

"काय रं, दोन दिस खाली उतरला नायस. आमाला वाटलं गाव सोडलास."

"काम हाय मावशी."

"कसलं?"

"फायलीतल्या मोकळ्या जागा काढतोय."

"त्या दिसतात?"

"नाय."

"मंग काढल्यास ते कुनाला कळनार?"

"कुनालाच नाय."

"बरा हाय तुजा धंदा," म्हणाल्या, आणि सुकटीची वाटी ठेवून गेल्या. त्या आठवड्यात माझ्या कामाबद्दल तीन प्रश्न विचारणारं माणूस तेवढं एकच.

मी सफाईआधीचा आणि नंतरचा प्रोग्रॅम लिनक्सवर तयार करून दोन्ही ताडून पाहिले. तंतोतंत सारखे. विंडोजवरही पाहायला हवं होतं, पण ते मशीन मागितलं तर आठवडा गेला असता आणि रिलीज हुकलं असतं. नाव पुन्हा लांबलं असतं. मी मागितलंच नाही. हजारो ओळींचा बदल समीरने एका मिनिटात मंजूर केला.

त्या सोमवारी मात्र विंडोज मशीन तासाभरात मिळालं. जुनी आवृत्ती चूक पकडत होती, नवी गप्प. दोन्ही हेडर ताडून पाहिले तर फरक फक्त माझ्या नावाचा, कारण ताडणाऱ्या प्रोग्रॅमला आम्ही सगळ्यांनीच स्पेस मोजू नको म्हणून सांगून ठेवलेलं. शेवटी ओळ न् ओळ डोळ्यांनी वाचली.

फक्त विंडोजसाठीच्या भागात एक कमेंट होती, म्हणजे माणसांसाठीची टीप, जी मशीन वगळतं. तिच्या शेवटी एका फोल्डरचा पत्ता, पत्त्याच्या शेवटी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, आणि त्याच्यापुढे एक स्पेस. सीमध्ये बॅकस्लॅश अगदी ओळीच्या टोकाला आला, की पुढची ओळ याच ओळीचा भाग धरली जाते. ती एक स्पेस आजवर आड उभी होती. मी ती काढली आणि खालची ओळ टिपेत गेली. खुणा तपासायला सुरुवात करा, असं सांगणारी ओळ. कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरने वॉर्निंग दिली होती, पण तिथे वॉर्निंगचा रोजचाच ढीग, वाचतो कोण.

ती स्पेस गुपचूप परत ठेवता आली असती. मी फोन केला.

"चूक माझी आहे. एका ओळीचं काम. दहा मिनिटांत देतो."

"नको," समीर म्हणाला. "क्लायंटला एकच वाक्य लिहायचंय, की तो बदल आम्ही मागे घेतला. पूर्ण कमिट रिव्हर्ट करा."

"त्यात माझं नाव आहे."

"वेगळं का नाही टाकलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण देण्यासारखं नव्हतं.

"नावाचं पुढच्या रिलीजला बघू," तो म्हणाला.

रिव्हर्ट ही एका ओळीची कमांड. ती मीच दिली. खुणा परत बोलायला लागल्या, क्लायंटचं आभाराचं पत्र समीरच्या नावे आलं. फाइलच्या माथ्यावर आजही तीनच नावं आहेत. मी पुन्हा विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही.

बॅकस्लॅश टोकाला येऊ नये म्हणून आता मी कमेंटच्या शेवटी न चुकता पूर्णविराम देतो. आणि एका कमिटमध्ये एकच काम ठेवतो. दुसरं आपलं स्वतःचं असेल, तर नक्कीच.