आबांची मूठ

खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्याआधी माझं आणि देवाचं फारसं पटत नव्हतं. रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जात होते, उभं राहून गाणी म्हणत होते, पण मनात एक गाठ बसली होती आणि ती काही सुटत नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, उभी हयात प्रभूच्या सेवेत घालवलेला माणूस. नवापूरकडच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर पायी फिरून त्यांनी वचन सांगितलं, आजाऱ्यांच्या उशाशी बसले, कुणाच्या मयतीला, कुणाच्या लग्नाला धावले. आणि म्हातारपणी त्यांनाच विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा विसरायला लागले, मग वाटा, मग माणसं. एका संध्याकाळी प्रार्थना म्हणता म्हणता मध्येच थांबले आणि पुढचं मी सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी सांगितलं खरं, पण नंतर मोरीत जाऊन ढसाढसा रडले. देवाला म्हटलं, हे तुझं चाललंय तरी काय? ज्याने जन्मभर तुझ्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याच्याच डोक्यातून तू स्वतःला पुसून टाकतोस? मग तू जवळ आहेस हे त्याला कळायचं कसं? आणि मला तरी कसं कळायचं?

आम्ही लोणखेड्याला राहतो. हे शहाद्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत आणि मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे आबांची राखण माझ्याकडेच. बाकी सगळं विसरले तरी आबा एक गोष्ट विसरले नव्हते, ती म्हणजे मूठ. आमच्यात स्वयंपाकाला हात लावायच्या आधी पहिली मूठ प्रभूची काढतात. तांदूळ असो, ज्वारी असो, आधी मूठभर वेगळ्या मडक्यात टाकायची, डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, मग बाकीचं शिजवायचं. मडकं भरलं की रविवारी मंडळीत द्यायचं, तिथून ते कुणा गरजवंताच्या घरी जातं. चांगली रीत आहे, माझ्या माहेरीही होती. पण आबांना आता कशाची मूठ काढायची तेच कळेनासं झालं होतं. तांदळाची काढायचे, लगेच तूरडाळीची, मग साखरेची, रव्याची, चहापत्तीची. एकदा तर धुण्याच्या पावडरची काढली! ते मडकं बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो आबा, देवाला काय साबणाची खिचडी घालायची आहे का?" त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं, "पहिली मूठ," एवढंच म्हणाले आणि मिठाच्या बरणीकडे वळले. शेवटी मी सगळे डबे वरच्या फळीवर चढवले आणि मडकं माळ्यावर टाकलं. मग ते रिकामी मूठ मिटून स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरत बसायचे. बघवत नव्हतं हो, पण डाळीतून साखर वेचत बसायला मला तरी कुठे फुरसत होती?

तो रविवार भर मे महिन्यातला. आमच्याकडचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको, सकाळची उपासना संपेपर्यंत डांबर मऊ पडतं. आबांना आंघोळ घालून, पांढरा सदरा चढवून मी ओट्यावर बसवलं. हे गाडीची किल्ली शोधत होते, मी साडीच्या निऱ्या घालत होते. बाहेर आलो तर ओटा मोकळा. आधी वाटलं, शेजारी गेले असतील. शेजारी नव्हते. गल्लीच्या टोकाला नव्हते, देवळाच्या पारावर नव्हते, कॉलेजच्या गेटापाशी नव्हते. जो तो म्हणे, आत्ताच तर इथून गेले, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. यांनी गाडीला किक मारली ती थेट बसस्टँडच गाठलं. मी मंडळीत पळाले. पाळकसाहेबांनी उपदेश अर्धवट सोडला, हात जोडून म्हणाले, "आजची उपासना रस्त्यावर करू या," आणि सगळी मंडळी आबांना शोधायला बाहेर पडली.

दुपार चढत गेली तसा माझा धीर सुटत गेला. आबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, गाव सांगता येत नव्हतं. तहान लागली तरी पाणी मागायचं असतं हे त्यांच्या ध्यानात राहत नसे, मीच तासातासाला गडू तोंडाला लावायची. असा माणूस त्या उन्हात किती वेळ तग धरणार? गोमाई नदीचं पात्र बघून झालं, विहिरींत डोकावून झालं. विहिरीत डोकावताना काय वाटतं ते माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. दवाखाना झाला, पोलिसांत फोटो देऊन झाला. यांचा दर थोड्या वेळाने फोन यायचा, "आले का घरी?" आणि मी म्हणायची, "नाही हो."

घरी कुणीतरी थांबायला हवं म्हणून बायकांनी मला बळंच घरी बसवलं. मी आबांच्या खाटेशी जमिनीवर बसले आणि प्रार्थना करायला गेले. तोंडातून शब्द निघाले ते भांडणाचेच. म्हटलं, देवा, हा तुझा माणूस आहे, माझा नंतरचा. मी कडी लावली, डबे लपवले, सगळं करून बघितलं, माझ्याच्याने होत नाही. आता तू बघ. त्याला तू आठवत नसशील तर नसू दे, पण तुला तो आठवतो ना? एवढं म्हटलं आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकलं. आधार वाटला असं नाही, पण दिवसभर मी एकटीनेच धरून ठेवलेलं काहीतरी हातातून सुटलं. तेवढ्यात फोन वाजला. झडप घालून घेतला तर कुठली तरी बाई कर्ज हवंय का विचारत होती! तिच्यावर मी अशी खेकसले की बिचारीने जन्मात पुन्हा लोणखेड्याला फोन केला नसेल. तो ठेवते न ठेवते तोच पाळकसाहेबांचा आला. "ताई, आबा सापडले. ब्राह्मणपुरीला आहेत, एका गुजर शेतकऱ्याच्या घरी. सुखरूप आहेत." मी किंचाळले की हसले ते मला माहीत नाही, शेजारच्या बायका मात्र घाबरून आत धावल्या.

यांच्यामागे गाडीवर बसून गेले, वाटभर यांची पाठ भिजवली. ब्राह्मणपुरीत केळीच्या शेताला लागून मोठं घर होतं. अंगणात मांडव घातलेला आणि त्याखाली वर्षाच्या गव्हाची निवडानिवड चाललेली. घरच्या काकू दारातच उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "रडू नको माय, तुन्हा सासरा नीट शे. ताक पिधं, भाकर खाई लिधी, आते आडा पडेल शे." आत खाटेवर आबा पंख्याखाली लहान बाळासारखे झोपले होते. उशाला एक ओला टॉवेल होता. तो आमचा नव्हता आणि काकूंचाही नव्हता. एका ट्रॅक्टरवाल्याने आबांना फाट्यावर लिंबाच्या सावलीत उतरवलं, एवढंच कुणीतरी बघितलं होतं. तो कोण, कुठला, आबा त्याच्या ट्रॅक्टरवर चढले कसे, आणि डोक्यावर टॉवेल भिजवून घालायचं त्याला कुणी सुचवलं, हे आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. भेटला तर पाया पडायचं आहे.

मग मला मांडवाखाली बसवून काकूंनी काय झालं ते सांगितलं. आबा फाटकातून आत आले, कुणाशी न बोलता बायकांच्या ओळीत बसले, आणि सुपातल्या गव्हाची मूठ भरून घेतली. काकूंची सून ओरडली, म्हातारा गहू चोरतोय म्हणून. काकू म्हणाल्या, "मी त्याकडे देखतच ऱ्हायनू. चोर मूठ मारीसन खिसामा घालस, हाऊ बाबा तर मूठ बाजूले ठेईसन हात जोडी ऱ्हायना." आणि त्यांना एकदम आठवलं, हे आपण कुठेतरी बघितलंय. त्यांच्या शेतावर काही वर्षांमागे एक बाई राहायला होती, आमच्यातलीच. भाकरी थापायच्या आधी ती पिठाची मूठ अशीच काढायची. काकूंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, ही आमच्या येशूची. काकूंनी त्या बाईचा नंबर शोधून काढला, तिला सांगितलं की तुमच्यातला कुणीतरी बाबा माझ्याकडे आला आहे, आणि तिने पाळकसाहेबांना कळवलं.

ज्या मुठीवरून मी रोज डोकं फोडून घेत होते, तिनेच आबांचं गाव सांगितलं. नाव गेलं होतं, पत्ता गेला होता, प्रार्थनेचे शब्द गेले होते, तरी हात आपलं काम करत होता. मला वाटत होतं की आबा देवाला विसरले म्हणजे मधला धागाच तुटला. तो धागा आबांनी धरला होता असं समजून मी इतकी वर्षं बसले होते, तिथेच चुकत होतं. धरणारा दुसराच होता. हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही आणि मला द्यायचंही नाही. त्या दिवशी मांडवाखाली बसल्या बसल्या मनातली गाठ सुटली आणि मी पोटभर रडले, एवढंच मला ठाऊक आहे.

निघताना काकूंनी आबांची ती गव्हाची मूठ फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "हाई तुम्हना देवनी शे, लई जा. आम्ही कशी ठेवाव?" मी नको म्हणणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घेतली.

घरी आल्यावर यांना शिडी लावायला सांगितलं आणि माळ्यावरचं मडकं खाली उतरवलं. धुऊन, पुसून त्यात तो गहू घातला. मग फळीवरचे डबे एकेक करून खाली काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडले. धुण्याची पावडर तेवढी वरच ठेवली, इतकी काही मी अजून पवित्र झालेले नाही. आबा खुर्चीत बसून माझी उलथापालथ बघत होते. ऊन लागून चेहरा रापला होता, पण डोळे निवांत होते.

"आबा, दिवसभर कुठे होता हो?" मी विचारलं.

"प्रार्थनेला गेलो होतो."

"एवढ्या लांब? एकटेच?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू विसरण्याचा आजार त्यांना नाही, मलाच झाला आहे.

"एकटा कशाला जाईन?" ते म्हणाले.

मी चहा टाकायला म्हणून साखरेचा डबा उघडला, तशीच थांबले आणि तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मूठ भरून साखर घेतली, मडक्यात गव्हावर सोडली, डोळे मिटून ओठ हलवले. मग हात झटकून मला म्हणाले, "हां, आता कर चहा."