माशांचा पहिला नंबर

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगतो. कशाला, तुम्ही काय वचन पाळणार! ऐकाच.

मी शाळामास्तर. वरवट बकालच्या शिवारात आमची जांबाची बाग होती. तुम्ही पेरू म्हणता, आम्ही जांब. आणि मास्तराच्या हाती काहीही द्या, तो आधी त्याला मार्क देतो. माझा घात तिथंच झाला.

त्या वर्षी आमची लेक शोभा पहिलटकरीण होती. सासरहून तिचं पत्र आलं: डोहाळजेवणाला दुसरं काही नको, फक्त गावचा जांब खायचाय. आणि बागेत शिरलेली फळमाशी! वरून फळ कसं देखणं, चिरलं की आत अळ्या वळवळतायत.

शेतकी खात्याच्या साहेबांनी मला आणि शेजारच्या किसनभाऊला चार-चार डबे दिले. कामगंध सापळे म्हणायचे त्यांना. आत गंधाची वात. माशी वासानं आत शिरते आणि तिथंच मरते. "खाली पडलेले जांब मात्र खड्ड्यात गाडा," साहेब म्हणाले. पुढंही बरंच काही सांगितलं, पण मी तोवर डबा घेऊन झाडावर चढलो होतो.

आठ दिवसांनी उघडला, तर अर्धा डबा माशा! आपला विद्यार्थी बोर्डात आल्यासारखं वाटलं मला. किसनभाऊचे डबेही तसेच. पण पुढं त्याच्या माशा घटत गेल्या. का? तर तो पडके जांब वेचून गाडत होता. मी म्हटलं, काय ढ गडी आहे, स्वतःचे मार्क स्वतःच कापतोय! मी वेचणंच बंद केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला? किसनभाऊला बांधावर गाठलं.

"तुमचे सडके जांब मले द्या."

"काऊन गुर्जी? बकऱ्या घेतल्या का?"

"नाही. माशांसाठी पाह्यजेत."

त्यानं डोकं खाजवत दोन टोपल्या आणून दिल्या. मी त्या आमच्या झाडांखाली प्रेमानं पसरल्या. थोड्याच दिवसांत डबे ओसंडू लागले. शाळेत, पारावर, एसटीत, भेटेल त्याला मी माशांचे आकडे सांगत सुटलो.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. शोभा हिरव्या साडीत पाटावर बसलेली, बायका जमलेल्या. मी ऐटीत पाटीभर जांब आणून ठेवले. आमच्या हिनं पहिला चिरला. अळ्या. दुसरा. अळ्या. सतराव्या जांबाला हिनं विळी बाजूला सारली. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटी रिकामी करून किसनभाऊकडं पळालो.

"किसनभाऊ, जांब पाह्यजेत."

"सडके का चांगले?"

"चांगले," मी खाली बघत म्हटलं.

बिचाऱ्यानं पाटी गच्च भरून दिली. शोभानं दोन जांब एका दमात संपवले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

नेमके तेव्हाच साहेब डबे बघायला आले. त्यांनी डबे पाहिले, झाडांखालची रास पाहिली आणि येऊन ओसरीवर बसले.

"गुरुजी, तुम्ही पेरूची नाही, माशांची शेती केलीत. पडक्या फळांतल्या अळ्यांच्याच तर माशा होतात."

"पण साहेब, डब्यात किती सापडल्या बघा की!"

"त्या सगळ्या नर. या वासाला फक्त नर भुलतात. माद्यांना जोडीला नर उरू नये म्हणून हा खटाटोप, आणि तुम्ही रोज नवे पुरवलेत. माद्या आरामात फळांत अंडी घालत होत्या."

आमची ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे बाप्ये सारे वासामागं हिंडून राह्यले, अन् बाया आपलं काम उरकून राह्यल्या. मंग आमच्या घरी यात नवं ते काय?"

आत बायकांचा एकच हशा पिकला. शोभा तर पोट धरून हसत होती. साहेब भिंतीकडं तोंड करून बसले. मी गुपचूप आत गेलो, विळी ओढली आणि जन्मात पहिल्यांदा बायकांच्या पंगतीसाठी जांब चिरायला बसलो.