डोळे मिटून उचललेले पत्ते

खात्यात असताना जुगाराच्या इतक्या केसेस हाताखालून गेल्या, की आता मी एकीचे शेपूट दुसरीला जोडतो. एक केस मात्र जशीच्या तशी लक्षात आहे आणि कोणी विचारले नाही तरी मी ती सांगतो. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत फौजदार होतो. माणसे अजून त्या वाडीत नांदत आहेत, म्हणून नावे देत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिला की पुन्हा पाण्यात लोटतात. मधल्या काळात पुरुषमाणसांना जाळी विणण्याखेरीज उद्योग नाही. मग दुपारी जेवून झाले की शाकारलेल्या होडीच्या आडोशाला चटई पडते आणि तीन पत्ती सुरू होते. हे आम्हाला ठाऊक होते. चहाच्या पैशांवर खेळणाऱ्यांच्या मागे लागलो असतो, तर अर्धी वाडी लॉकअपमध्ये बसवावी लागली असती!

एका सकाळी स्टेशन डायरी बघत बसलो होतो, तेवढ्यात एक तरुण बाई मासळीची रिकामी टोपली घेऊन आली आणि ती टोपली तिने माझ्या टेबलावरच ठेवली. टेबलाला वास लागला म्हणून हवालदार तिच्यावर खेकसला.

"लागू दे वास," ती म्हणाली. "नवऱ्यानं होडी पत्त्यात घालवलान. आता ह्या टोपलीत मी काय घालू, ता तुम्ही सांगा."

हकीकत अशी होती. बाहेरगावचा एक व्यापारी त्या पावसाळ्यात जीप आणि ड्रायव्हर घेऊन वाडीत येऊ लागला होता. सगळे त्याला पाहुणा म्हणत. गोड बोले, सगळ्यांना चहा पाजी आणि पत्त्यांत सारखा जिंके. या बाईच्या नवऱ्याने हरता हरता होडी लावली, तीही हरला, आणि पाहुण्याने ती रोख विकत घेतल्याचा कागद करून त्यावर त्याची सही घेतली. नारळी पौर्णिमा झाली की पाहुणा होडी घेऊन जाणार होता.

जुगाराची धाड घातली असती तर थोडा दंड होऊन पाहुणा सुटला असता आणि होडी गेली ती गेलीच. होडी वाचवायची तर पाहुणा लबाडी करतो हे सिद्ध करायला हवे होते. मी खेळणाऱ्यांना एकेक करून गुपचूप बोलावले. हरलेल्या जुगाऱ्याचा जबाब घेणे म्हणजे डोकेदुखी. प्रत्येक जण नशिबाला शिव्या घालतो, समोरच्याच्या हाताकडे कोणी बघितलेले नसते. पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली. वाडीतला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, कधी फारसा हरला नव्हता. तांडेल खेळात राहिला की पाहुणा पत्ते टाकून डाव सोडून देई.

"साहेब, दोघे मिळालेले आहेत," हवालदार म्हणाला. मलाही तसेच वाटले.

तांडेल आला. उंच, काळाभोर, हात वल्ह्यासारखे. खुर्ची दिली तरी बसला नाही. त्याची एक विचित्र खोड मला कळली होती. तीन पत्तीत पत्ते न बघता पैसे लावले तर त्याला ब्लाइंड म्हणतात. पुष्कळ लोक तसे लावतात, पण पत्ते समोर पडल्यावर, आणि दोन चालींनंतर हळूच बघतातच. हा गडी पत्ते पिसले जात असतानाच आपले पैसे टाकून मोकळा होई आणि डाव संपेपर्यंत पत्त्यांना हात लावत नसे.

"पत्ते का बघत नाही?" मी विचारले.

"माझी खुशी."

"पाहुणा तुम्हाला का घाबरतो?"

"त्येला इचारा."

हवालदाराने आवाज चढवून बघितला, पण वादळात होडी हाकणाऱ्याला आमच्या आवाजाची काय मातब्बरी! दुपार झाली. एवढ्यात त्याची बायको भाकरीचे फडके घेऊन ठाण्यात शिरली. पत्त्यांच्या केसमध्ये नवऱ्याला बोलावले आहे, हे ऐकून ती हसायलाच लागली.

"ह्ये आनि पत्ते? अवो सायेब, पोराच्या लग्नात ग्रामदेवतेच्या पुढं, सगळ्यांदेखत शब्द दिलानी हाय मला, पुन्हा पत्त्याकडं बघनार नाय म्हनून!"

तांडेलाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "बगत नाय गो. खेळनार नाय असा कुठं म्हटलेला?"

बाईने कपाळावर हात मारला. ठाण्यात हशा पिकला. मी मात्र हसता हसता थांबलो. जो माणूस स्वतःचे पत्ते बघत नाही, त्यालाच हा पाहुणा भितो. म्हणजे पाहुण्याला बाकीच्यांचे पत्ते कळत होते, आणि ते केव्हा, तर त्यांनी उचलल्यावर! पत्ते खुणेचे असते तर पालथे पडलेलेही ओळखता आले असते. कोणीतरी खेळणाऱ्यांच्या मागून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर कोणी नव्हते. हवालदार जाळे विकत घेण्याच्या निमित्ताने तिथे गेला. तो स्वतः खारव्याचा, म्हणजे मासेमाऱ्याचा मुलगा. चटई पडायची त्या जागेला लागून दुसरी शाकारलेली होडी होती. तिच्या झापात डोळ्याएवढे भोक, आत विड्यांची थोटके, आणि तिथून वाळूखालून चटईकडे गेलेला तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा बारीक दोरा. खेळ चालू असताना पाहुण्याचा ड्रायव्हर जीपमध्ये झोपतो असे सगळे समजत, तो इथे पडून असे आणि हिसक्यांनी खूण करी. खारव्यांच्या गळाला खारवीच लागत होते! हवालदाराने सगळे होते तसेच ठेवले.

आता रंगेहाथ पकडायचे होते. पण होडीच्या भानगडीनंतर बाकीच्यांनी पत्ते बंद केले होते. पाहुण्याला पुन्हा बसवील असा एक तांडेलच होता, आणि तोही पत्ते उचलणार असेल तर. मी त्याच्या घरी गेलो आणि सगळे समजावून सांगितले.

"शब्द मोडू?" तो म्हणाला. "त्या पोरीची होडी ऱ्हावी असा मलाही वाटता, सायेब. पन देवीपुढं बोललंय. ता माझ्यानं नाय व्हायचा."

मी पोलिसी भाषेत बोललो, गोडीत बोललो. तो हलेना. खरे सांगतो, मला राग आला. एका घराची चूल विझायची वेळ आली होती आणि हा शपथेला धरून बसला होता. तेवढ्यात आतून त्याची बायको चुलीपुढची फुंकणी हातात घेऊनच बाहेर आली.

"भोक पाठीमागं हाय ना? मग मागच्याक तुमचं डोळं दिसतत काय? पत्ते उचला नि डोळं मिटून घ्या!"

मी थक्क झालो. इतके दिवस तपास करून मला जे सुचले नव्हते ते या बाईने चुलीपुढून सांगितले. तांडेल तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग मिशीत हसला.

त्याने पाहुण्याला निरोप धाडला, "उद्या पत्ते उचलून खेळतो, माझी होडी लावतो." पाहुणा धावत आला. दुपारी चटई पडली. मी आणि दोन पंच त्याआधीच चटईच्या बाजूच्या होडीच्या शाकाराखाली जाऊन पडलो होतो, आणि हवालदार ड्रायव्हरच्याच होडीत जाळ्यांच्या ढिगाखाली. आत डांबराचा आणि सुक्या मासळीचा असा वास, की पंचांपैकी एक जण सारखा नाक दाबत होता.

पत्ते वाटले. तांडेलाने आपले तीन पत्ते उचलले आणि तोंडासमोर धरले. आमच्या बाजूने मला त्याचा चेहरा दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले, कपाळाला आठ्या. पाहुणा समोरच होता, पण त्याला या चेहऱ्याची गरजच नव्हती. त्याचे सगळे लक्ष आपल्या पायाकडे. तिकडे ड्रायव्हरचे बोट हलले आणि हवालदाराने मागून त्याच्या तोंडावर पंजा ठेवून मनगट पकडले. मग गंमत म्हणून त्याने स्वतःच तंगुसाला एक हिसका दिला. समोर पाहुण्याच्या पायाचा अंगठा टुणकन हलला!

मी बाहेर आलो, ड्रायव्हरच्या होडीपाशी दोरा चिमटीत धरला आणि त्याच्या मागोमाग चालत गेलो. पंचांदेखत तो पाहुण्याच्या अंगठ्याशी जाऊन संपला. दोरा, पत्ते, सगळे जप्त झाले. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, होडीचा कागद मुद्देमालात जमा झाला, आणि नारळी पौर्णिमेला त्या बाईच्या होडीला नारळ मिळाला.

खटला उभा राहिला तेव्हा पाहुण्याच्या वकिलाने तांडेलाला पिंजऱ्यात चांगलेच धारेवर धरले.

"पत्ते तोंडासमोर धरले होतेत ना? मग सांगा कोणते होते."

"म्हाईत नाय."

"खोटं बोलता! पोलिसांनी पढवलेला साक्षीदार आहे हा!" असे म्हणून वकिलाने मुद्देमालातले ते तीन पत्ते उचलले आणि फटकन तांडेलाच्या तोंडापुढे धरले. "बघा, हेच होते का?"

तांडेलाने पिंजऱ्यात उभ्या उभ्या डोळे घट्ट मिटून घेतले.

कोर्ट हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कारण विचारले, तेव्हा तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मागं माझी बायको बसलेली हाय, सायेब. ती नसती तरी उघडले नसते."

वकिलाने पत्ते खाली ठेवले आणि तो जागेवर जाऊन बसला. पाहुण्याला शिक्षा झाली.

शपथेवर खोटे बोलणारे मी आयुष्यभर पाहिले. त्यात शिकलेले होते, मोठे होते. शब्द कसा पाळतात हे मला एका जुगाऱ्याने शिकवले. त्याचे ते तीन पत्ते मी माझ्या हाताने पंचनाम्यात लिहिले होते. पुढे कधी भेट झाली की तांडेल हात जोडून म्हणायचा, "पत्ते कुठले होते, तेवढा मला सांगू नका हां, सायेब." आता तो नाही. त्याची बायको आहे, आणि तिला मी लिहिलेले नातवाकडून वाचून घ्यायची सवय आहे. म्हणून ते पत्ते मी इथेही लिहीत नाही.