दंडाची कातडी

खामगावात छायाबाई आपल्या छोट्या दुकानात ब्लाउज शिवतात. एके काळी त्या इतक्या जाड होत्या की मशीनसमोर बसल्या की खालचं स्टूल दिसायचं नाही. शुगर निघाली, डॉक्टरांनी धाक घातला, तेव्हा त्यांनी भात सोडला, गोड सोडलं, पहाटे उठून चालायला लागल्या. दोन वर्षांत अंग निम्मं झालं. सगळं उतरलं, फक्त दंडांची कातडी तेवढी मागे राहिली. माप घ्यायला हात वर केला की ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, आणि गिऱ्हाईक बायका दुसरीकडे बघायच्या. ते दुसरीकडे बघणंच त्यांना जास्त लागायचं.

"काऊन एवढं मनाले लावून घेतं? मले तं काही वाटत नाही," नवरा गोविंदा म्हणायचा.

"तुमाले वाटत नाही, मले वाटते ना!"

अकोल्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, काखेपासून कोपरापर्यंत चिरून जास्तीची कातडी काढता येते. वण मात्र राहणार, आणि काहींचा वाढतोही. छायाबाईंनी मान डोलावली. वाढणारा वण कुणा दुसऱ्याचा असतो, असंच त्यांना वाटलं.

टाके निघाले तेव्हा दंड अगदी सरळ दिसत होते. त्या आरशासमोर उभ्या राहून रडल्या, आनंदानं. पण दिवाळीच्या सुमारास डाव्या दंडाचा वण खाजू लागला, मग लाल झाला, मग दोरखंडासारखा जाड वर आला. डावा हात खांद्याच्या वर जाईना. कोपराखालची कातडी बधिर झाली. इस्त्रीचा चटका बसला तरी वास आल्यावरच कळायचं.

डॉक्टरांनी वणात इंजेक्शनं दिली. थोडा बसला, पुन्हा उठला. "कापलं तर याहून मोठा येऊ शकतो," ते म्हणाले. परतताना गाडीत छायाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

आता भर मे महिन्यातही त्या मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालतात. घामानं वणाची आग होते.

परवा शेजारची पायल लग्नाचा ब्लाउज टाकायला आली. "काकू, बिनबाह्यांचा शिवजा बरं!" म्हणत तिनं दोन्ही हात वर केले. छायाबाईंनी उजव्या हातानं टेप धरली. डावा अर्ध्यावरच अडला, टेप खाली पडली.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. दुसऱ्याकडून शिवून घे, बाई. मले नाही जमत आता."

पोरगी गेल्यावर गोविंदानं टेप उचलून दिली. त्यांनी ती घेतली नाही.

"लोंबत होतं तं लोंबत होतं," त्या म्हणाल्या. "हात तं माह्या कामाचा होता ना हो."

गोविंदा टेप गुंडाळत तिथंच उभा राहिला. छायाबाईंनी मशीनवर कव्हर टाकलं आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढायला लागल्या. एका हातानं ते खाली येईना.